मनगटावरचं रबर

दस्तगीरभाई गेल्याचा भाभींचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. घास ताटातच राहिला. महिना झाला, अजून जेवायला बसलं की तेच आठवतं. कोल्हापुरातल्या त्यांच्या स्टुडिओत मी वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून काम केलं, आणि त्यातली निम्मी भेकडासारखी काढली. म्हणून हे लिहितोय.

नव्वदच्या दशकात आम्ही कॅलेंडरांसाठी स्लाइड फिल्मवर फोटो काढायचो. निगेटिव्हमधली चूक प्रिंट करताना थोडीफार सावरता येते; स्लाइड मेली की मेली. त्यात आकाश गडद करणारा फिल्टर लावला, की कॅमेऱ्यात चौथाईच उजेड जातो. भाईंच्या कॅमेऱ्यातला मीटर बंद पडलेला. उजेड हातातल्या मीटरनं मोजायचा आणि फिल्टरपायी दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड, आठवणीनं वाढवायचे. विसर पडू नये म्हणून त्यांची रीत होती... फिल्टर लावणाऱ्यानं मनगटात रबर अडकवायचं. "डोस्क्यावर इस्वास ठेवू नगंस," म्हणायचे.

एकदा गारगोटीच्या वाटेवर गुऱ्हाळाचे फोटो काढत होतो. भाई गरम गूळ चाखायला बसले म्हणून कॅमेरा मी घेतला, फिल्टर लावला, रबर माझ्या मनगटात घातलं. तेवढ्यात शेजारच्या शेतातून किंकाळी आली. बांधाच्या भांडणातून दोघेजण एका तरण्या शेतकऱ्याला कोयत्यानं तोडत होते... पहिला वार खांद्यावर, दुसरा त्यानं आडव्या धरलेल्या हातावर. मातीत पडलेली बोटं मी पाहिली. भाईंनी माझ्या हातातून कॅमेरा हिसकावला, धावताधावता उजेड मोजला आणि वीस पावलांवरून चार फोटो घेतले. मारेकऱ्यांचे चेहरे समोर होते. कोयता आमच्याकडे वळला तेव्हा कुठे आम्ही स्कूटर गाठली.

चार मैलांवर भाईंनी गाडी थांबवली. त्यांची नजर माझ्या मनगटावर होती.

"फिल्टर लावलतास व्हय रं?"

मी मान हलवली. आता थोबाड फुटणार, असं वाटलं. त्यांनी रबर काढून घेतलं आणि स्वतःच्या मनगटात घातलं. "फिल्टर मी लावलता. कुनी इचारलं तर ह्येच सांगायचं."

स्लाइड धुऊन आल्या. चारही काळ्या, चेहऱ्यांच्या जागी नुसतं डांबर. गुऱ्हाळावरच्या कुणी काही पाहिलंच नव्हतं म्हणे. आम्हा दोघांचा नुसता शब्द कोर्टात टिकला नाही; मारेकरी सुटले. मग मेलेल्याचा थोरला भाऊ स्टुडिओत शिरला. "कुणाला विकला गेलास रं?" म्हणत त्यानं लाकडी स्टुलानं भाईंचा उजवा हात ठेचला. हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. "चूक माझी हाय, पावणं," एवढंच भाई म्हणत राहिले. दारात मी उभा होतो... तोंड उघडलं नाही. ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. पुढं डाव्या हातानं ते ओळखपत्रांचे फोटो काढत राहिले आणि लोक त्यांना विकाऊ म्हणत राहिले.

दफनानंतर भाभींनी माझ्या हातात एक रबर ठेवलं. "ह्ये कायम त्यांच्या हातात असायचं. जुनं तुटलं की नवं घालायचे. कशापायी, कधी बोलले न्हाईत."

ते आता माझ्या मनगटात आहे. त्या थोरल्या भावानं वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचावी, एवढंच मागणं.

पावणं, फिल्टर मी लावला होता.