ऊस संपला की डावीकडं

सांगू की नको, असं चाललंय माझं. पण तुम्ही घरचीच माणसं, म्हणून सांगते. माझ्या हातून आमचं राहतं घर हरवलं. चावी नाही, पाकीट नाही. घर! दुमजली, गच्चीसकट!

झालं काय, ताईला बघायला कागलची मंडळी येणार होती. मुलगा आणि ताई एकमेकांना पसंत होतेच, फक्त त्याच्या वडिलांचा होकार राहिला होता. "ते वेळेचे लई पक्के हायत," ताईनं मला दम दिला, "उशीर झाला तर तू हायस आणि मी हाय!"

आमची कॉलनी कसबा बावड्याच्या टोकाला, नवीकोरी. लोकेशन पाठवलं की माणूस थेट साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहतो. म्हणून पाहुण्यांना मोठ्या रस्त्यावरून घेऊन यायला कुणीतरी हवं होतं.

"मी जातो," पप्पा म्हणाले. "हिला उत्तर-दक्षिण कळत न्हाई."

झोंबलं हो! मानसशास्त्र शिकलेय मी. म्हटलं, "पप्पा, बाप्ये दिशा धरून चालतात, बायका खुणा धरून. आणि खुणा बायकांच्याच जास्त लक्षात राहतात. शिकवलंय आम्हाला!"

"बरं. तुझी खूण काय?"

"ऊस संपला की डावीकडं!"

हसू नका. आमच्या रस्त्याला दोन्हीकडं ऊस, डोक्याच्या वर गेलेला, भिंतीसारखा. तो संपला की वळायचं. राहायला आल्यापासून एकदा तरी चुकले का? कध्धी नाही!

सकाळीच मी गजरे आणि पेढे आणायला गावात गेले, आणि दुपार कलल्यावर तिथूनच परस्पर मोठ्या रस्त्यावर पाहुण्यांना गाठलं. माझी स्कूटर पुढं, त्यांची गाडी मागं. काय तो माझा रुबाब!

पण ऊसच येईना. दोन्ही बाजूंना नुसतं मोकळं रान. मी म्हटलं, रस्ता चुकला वाटतं. तेवढ्यात लांब ऊस दिसला. हुश्श! संपेपर्यंत गेले आणि ऐटीत डावीकडं वळले.

समोर गोठा. चार म्हशींनी रवंथ थांबवून माझ्याकडं पाहिलं.

मुलाचे वडील खाली उतरले. घड्याळ बघितलं, म्हशी बघितल्या. "हितं ऱ्हाताय व्हय तुमी?"

"नाही काका… आमचं घर… काका, आमचं घर गेलं!"

"गेलं म्हंजे?"

"सकाळी होतं हो!"

गाडीत मुलाच्या आईनं छातीवर हात ठेवला. मी तर रडायच्याच बेतात. काका कडाडले, "आगं, सवताचं घर घावंना तुला?"

"तिला कशाला बोलताय?" आतून काकूंचा आवाज. "परवा बाजारात आपली गाडी कुटं लावली ते तुमी तासभर हुडकत हुता!"

"ते वयामुळं!"

"मंग हिचं भ्यामुळं. मिटलं!"

फोन वाजला. पप्पा. "आगं बाई, पावण्यास्नी घिऊन गोठ्यात काय करायलीस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गच्चीवरनं दिसतंय की सगळं! सकाळी तू गेलीस आन् ऊसतोडीची टोळी आली, दुपारपत्तोर सगळा ऊस तोडून गेली. उत्तरंला तोंड कर!"

"उत्तर कुठाय?"

आईनं फोन हिसकावला. "मागं बघ. गच्चीवर माझी पिवळी साडी वाळत घातलीय, ती धरून ये."

वळून बघते तर काय! मोकळ्या रानापलीकडं आमची अख्खी कॉलनी उघडी पडलेली, आणि आमच्या गच्चीवर घरची सगळी माणसं उभी. ताई नटूनथटून कपाळाला हात लावून. पिवळी साडी मात्र कुठंच नाही.

"आई, साडी?"

"अगोबाई! पावणं येणार म्हणून आत्ताच काढली की!"

शेवटी काकूच गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "कपाळाला हात लावलेल्या पोरीकडं चल, बाळ."

पोहे झाले, चहा झाला. काकांनी ताईला एकच प्रश्न विचारला, "म्हायेराला आलीस तर माघारी घर घावंल न्हवं?"

"घावंल की," ताई म्हणाली. "फकस्त हिला सोबत पाठवू नका."

काका असे हसले की चहा सांडला. लग्न ठरलं!

पत्रिकेवर पप्पांनी खाली ठळक छापून घेतलं: 'कार्यालयाचा रस्ता विचारण्यासाठी वधूपित्यास फोन करावा. वधूच्या बहिणीस विचारू नये.' सगळ्या गावात वाटली हो ती पत्रिका! मी चार दिवस अबोला धरला.

आणि लग्नाच्या दिवशी पप्पांना रस्ता विचारायला पहिला फोन कुणाचा गेला असेल?

पप्पा एवढंच म्हणाले, "पत्रिका वाचलीस म्हणायची!"