साडूच्या कन्सोलमधल्या अक्षता

माझ्या साडूला गेम खेळता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं मला एवढं झोंबलं ते याच्यामुळेच. पडद्यावरच्या माणसाला वळवायचं असलं की हा सोफ्यावर स्वतःच वळतो, आणि उडीचं बटण त्याला सापडेपर्यंत तो माणूस दरीत गेलेला असतो. तरी नवा कन्सोल बाजारात आला तेव्हा नागपुरात तो ज्या पहिल्या घरांत पोचला, त्यांत साडूचं धरमपेठेतलं घर होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात. इथे दात माझे होते आणि चणे साडूचे.

माझं इतवारीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की गल्ल्यावर बसून मी नव्या गेमचे ट्रेलर बघतो. बाहेर हातगाडीवाला आणि टेम्पोवाला एकमेकांना मागे सरकायला सांगत असतात, आणि मी कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरावरची तलवारबाजी पाहत असतो. नव्या कन्सोलची घोषणा झाली ती मी अशीच पाहिली. मध्येच एका बाईंना कुकर दाखवावे लागले, त्यात अर्धा कार्यक्रम हुकला. तो मी घरी जाऊन परत पाहिला.

घेतो मात्र मी नेहमी मागच्या पिढीचा. लोक नवा घेतात तेव्हा जुना विकतात, आणि त्यांचा जुना तो माझा नवा. अशा एका कन्सोलच्या पाठीवर कुणीतरी पेनानं आपलं नाव लिहिलेलं होतं, ते मी कधी पुसलं नाही. गेममधल्या चुका तोवर दुरुस्त झालेल्या असतात, त्याची चकती हातोहात फिरून स्वस्त झालेली असते, घाई करणारे मूर्ख असतात, असं मी बायकोला समजावून सांगायचो. ती म्हणायची, "मंग फोनवर रोज काय पाहून राहिले तुम्ही?"

माझी मुलगी आता नववीत आहे. ती सहा वर्षांची असल्यापासून रविवारची दुपार आम्हा दोघांची. आमचा गेम ठरलेला होता. अंधाऱ्या डोंगरात हरवलेली दोन भावंडं आणि दोघांत मिळून एक कंदील. कंदील ज्याच्या हातात तो पुढे चालणार. एकानं साखळी ओढून धरली तरच दुसऱ्याला दार ओलांडता येणार. एकट्यानं तो खेळताच येत नाही. शेवटी भावंडं डोंगराबाहेर येतात आणि समोर दुसरा डोंगर दिसतो, तिथेच गोष्ट थांबते. त्या दुसऱ्या भागाची आम्ही बापलेकीनं कितीतरी वर्षं वाट पाहिली. तो आला, आणि आला तो फक्त नव्या कन्सोलवर.

"आपण दोघंच खेळू हं, बाबा," असं ती स्वतःहून म्हणाली होती. त्या वर्षी आम्ही दुकानावर माळा चढवायला काढला होता, तेव्हा कन्सोलचं पुढच्या दिवाळीला बघू असं घरात ठरलं. मला ते मान्य होतं. वाट पाहायची मला सवयच आहे. पण मध्येच साडूनं कन्सोल आणला, आणि त्यासोबत नेमका तोच गेम आणला.

साडू मिहानमध्ये एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मुलगा शिकायला बाहेरगावी, मेहुणी तिच्या भिशीत आणि भजनी मंडळात. एका शनिवारी त्याचा माझ्या मुलीला फोन आला. "उद्या ये वं बेटा. मले तं काहीच जमून नाही राहिलं याच्यात."

ती गेली. पुढच्या रविवारीही गेली. मग ते ठरूनच गेलं.

मी जुन्या कन्सोलसमोर एकटा बसायचो. दुसरा कंट्रोलर खणात पडून असायचा. ती संध्याकाळी परत आली की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, काय खेळले आज? "काही नाही, गाड्यांची रेस." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नाही, असं मला वाटायचं. संशय शिरला की दोरीचाही साप दिसतो, हे मला कळत होतं. कळून उपयोग काही नव्हता.

"पोरगी आपल्या मावशीकडे जाते, तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?" बायको एकदा म्हणाली.

मी म्हटलं, माझ्या पोटात काही दुखत नाही. दुखत होतं. कन्सोलसाठी दुखत होतं आणि मुलीसाठी त्याहून जास्त. दुसरा डोंगर ती त्याच्याबरोबर ओलांडेल, ज्याला उडी मारता येत नाही अशा माणसाबरोबर शेवट पाहील, आणि मग माझ्यासाठी त्यात काहीच उरणार नाही, याची मला भीती वाटत होती. बापाला गेमची भीती वाटते हे कुणाला सांगणार?

दसऱ्याला आमच्याकडे ज्यावर घर चालतं त्या वस्तूंची पूजा होते. सकाळी मी दुकानात वजनकाटा पुजला. घरी मुलीच्या वह्यापुस्तकांशेजारी दर वर्षीसारखा जुना कंट्रोलर ठेवला, त्याला हळदकुंकवाचं एकच बोट लावलं. बटणांत कुंकू गेलं तर काय होतं ते मला माहीत आहे. संध्याकाळी शहरभरच्या गर्दीतून वाट काढत आम्ही साडूकडे सोनं द्यायला गेलो. त्यांची पूजा तेव्हाच चालू होती. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि मधोमध तो. पांढरा, उभा, देखणा. मेहुणीनं त्याला हार घातला होता. साडूनं डोळे मिटून मूठभर अक्षता वरून सोडल्या. मीही डोळे मिटून हात जोडले. मी काय मागितलं ते देवालाच ठाऊक.

दोनचार दिवसांनी साडूचा फोन आला. "साडूभाऊ, हे तं मिक्सरवानी आवाज करून राहिलं. तुम्ही येऊन पाहता का जरा?"

रविवारी मी मुलीसोबत गेलो. कन्सोल चालू केल्याबरोबर आतून कर्रर्र असा आवाज आला. मी टॉर्च धरून वरच्या जाळीत पाहिलं, तर आत लालपिवळे तांदूळ.

"अक्षता गेल्या पंख्यात," मी म्हटलं. "उघडून साफ करावं लागंल."

"मंग तुम्हीच घेऊन जा गा घरी," साडू म्हणाला. "ठेवा तुमच्यापाशी, घाई नाही. पोरगी आली का चालते ते. नाहीतं मी कुठं खेळतो?"

एवढी हवीहवीशी वस्तू तो डाळीचा डबा दिल्यासारखी देत होता. त्याचाही मला रागच आला. स्कूटरवर मागे बसून मुलीनं कन्सोल दोन्ही हातांनी मांडीवर धरला, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी चुकवला.

घरी पेपर पसरून मी झाकण काढलं आणि चिमट्यानं एकेक दाणा बाहेर काढला. "फेकू नका," बायको म्हणाली, "तुळशीत टाका." मुलगी तळहातावर दाणे घेऊन तुळशीकडे गेली. मी झाकण लावलं, बटण दाबलं. आवाज बंद.

"तपासून तं पाहावं लागंल," मी म्हटलं. मुलगी हसली. साडूनं सोबत दिलेले दोन्ही कंट्रोलर तिनं पिशवीतून काढले आणि आमच्या गेमचा दुसरा भाग लावला. अगदी पहिल्यापासून.

"कंदील तुम्ही घ्या," ती म्हणाली.

दुसरा डोंगर पहिल्याहून सुंदर होता. पाण्याचा आवाज खोलीत चारी बाजूंनी येत होता. मी पुढे, ती मागे. एका गुहेत वाटच सापडेना. मी सगळ्या भिंती धुंडाळल्या, ती गप्प मागे उभी राहिली. मग म्हणाली, "धबधब्याच्या मागं पाहा बरं एकदा. मले उगाच वाटते." मी गेलो, तिथे दार होतं.

पुढे लाकडी पूल आला. मी पाय ठेवायच्या आधीच तिची पडद्यावरची बहीण कडेच्या साखळीपाशी जाऊन उभी होती. साखळी लागणार असं पडद्यावर अजून काहीच दिसत नव्हतं. मी मध्यावर पोचलो आणि पूल तुटला, पण साखळी ओढून धरलेली होती म्हणून मी वाचलो.

मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता, डोळे मोठे केले होते. जरा जास्तच मोठे. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. पहिला डोंगर तिला दाखवायच्या आधी मी तो एका मित्राबरोबर पार केलेला होता. प्रत्येक दार मला पाठ होतं. सहा वर्षांच्या तिच्यासाठी मी कंदील मुद्दाम खाली धरायचो, सावकाश चालायचो, आणि दार दिसलं की असेच डोळे करायचो. ती टाळ्या पिटायची.

म्हणजे हा पूल तिच्यासमोर आधी पडून गेला होता. तेव्हा ती खरोखर दचकली असेल, आणि ते दचकणं शेजारी बसून साडूनं पाहिलं असेल, ज्याला त्याची काही किंमत नाही. माझ्या वाट्याला आलं होतं ते तिनं माझ्यासाठी केलेलं. साडूचा मला इतका हेवा वाटला की क्षणभर कंट्रोलर हातात तसाच राहिला.

"बापरे," मी म्हणालो, "हा पूल तं पडलाच."

"हो ना," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी हळू चालू लागली.