नखाचा फोन

फोन पारखण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. टचस्क्रीन नवे नवे आले तेव्हाही ऐकत नव्हते. ऑफिसातल्या बायका फोन घेण्याआधी मला विचारायच्या, म्हणून दोन फोन पर्समध्ये घालून पंधरा दिवस नागपुरात बेसाचं घर ते ऑफिस असे वापरले आणि निकाल दिला. एक नखानं दाबायचा. तो दाबल्यावर जरा विचार करून मग चालायचा, पण बॅटरी दोन दिवस टिकायची. दुसऱ्यावर बोट नुसतं फिरवलं की काम फत्ते, मात्र संध्याकाळी मान टाकायचा. वापरायला दुसराच सरस. माझं आजही तेच मत आहे.

आई तेव्हा कुहीजवळच्या गावी एकटी राहायची. बाबा गेल्यापासून तिचा आवाज रोज कानावर पडला नाही, तर मला जेवण जायचं नाही. म्हणून सरस फोन तिला दिला. गावात विजेचा नेम नसायचा, त्यामुळे वर एक जास्तीची बॅटरीही भरून दिली. नखाचा मी ठेवला. उचलायचा कसा ते माझं बोट फिरवून दाखवलं, तिनं मान डोलावली.

पुढच्या चार संध्याकाळी फोन नुसता वाजत राहिला. शेजारणीला विचारलं तर आई ओसरीवर धान पाखडत बसलेली, चांगली धडधाकट. माझा पारा चढला. रविवारी बसनं गेले ती भांडायच्या तयारीनंच.

तिच्यासमोर बसून मी तिला फोन लावला. तिनं बोट पदराला पुसून काचेवर फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दुसरं बोट लावून पाहिलं. फोन वाजून वाजून थांबला. आयुष्यभर रोवणी आणि कापणी केलेली तिची बोटं, टोकाची कातडी चपलेसारखी टणक. काचेला ती कळतच नव्हती.

सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"तू येवढा पाहून आणला वं. मले वाटलं, माह्यातच काही खोट हाय," ती म्हणाली. "रोज सात वाजता मांडीवर घेऊन बसते. वाजते तवरक तू जवळ हाय असं वाटते."

मला माझीच लाज वाटली. सगळी पारख मी कागद चाळणाऱ्या माझ्या मऊ बोटांनी केली होती. तिथंच दोघींची सिमं बदलली आणि नखाचा फोन तिच्या हातात दिला. धानाचा दाणा दाबून पाहतात तसं तिनं नख रोवलं आणि पहिल्याच फटक्यात माझा फोन उचलला.

परतताना बस गावाबाहेर पडते न पडते तोच तिचा फोन आला. मी घाबरून काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही वं. लागते का पाहून राहिली होती."

नागपूर येईपर्यंत तिनं तीनदा लावून पाहिला. तिन्ही वेळा मी पहिल्याच घंटीला उचलला.