कुमुदताईंचे अकरा मिलिमीटर

कुमुदताईंच्या पर्समध्ये सहा इंची स्टीलची पट्टी असे. शिंप्याने शिवलेली बाही, सुताराने बसवलेली फळी, मुलांच्या वहीतला समास, ज्याला कोणी ‘बरोबर आहे’ म्हणे त्याला त्या पट्टी लावून बघत. “वाटतं हे माप नव्हे,” असं त्यांचं म्हणणं. बडोद्याच्या एका मराठी शाळेत त्या गणित शिकवत आणि मी इतिहास. मांजलपूरला आमची सोसायटीही एकच. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

त्यांनी लग्न केलं नाही. निवृत्तीला काही वर्षं उरली असताना समा भागातल्या एका साहेबांकडून त्यांनी जुनी चंदेरी गाडी घेतली. दिसायला चारचौघींसारखी, पण इंजिन जबरदस्त. रविवारी पहाटे त्या एक्सप्रेस हायवेने आणंदपर्यंत जात, चहा पीत आणि परत येत. बहुतेक वेळा मी शेजारच्या सीटवर पुस्तक घेऊन बसलेला असे. सोसायटीत कोणी ना कोणी विचारायचंच, “बेन, भाईनी गाडी छे?” त्यांचे भाऊ पुण्यात होते. “भाईला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते माहीत नाही,” ताई हसून म्हणत. ते हसणं मला तेव्हा खरं वाटे.

गॅरेजमध्ये ताई बॉनेट उघडून आवाज कुठून येतो ते सांगत आणि मेकॅनिक माझ्याकडे बघून उत्तर देई. मला गाडी चालवता येत नाही. तरी उत्तर मलाच. सुरुवातीला मी म्हणायचो, “ताईंना सांगा.” पुढे नुसती मान हलवू लागलो. त्या मान हलवण्याची आज मला चीड येते.

मग टायर झिजले. मूळ मापाचे, त्या गाडीचा वेग झेपेल असे टायर बाजारात येणं बंद झालं होतं. जे मिळत ते छोट्या, सावकाश चालणाऱ्या गाड्यांचे. तिघा दुकानदारांनी त्यांना गाडी भंगारात द्यायला सांगितलं, तेही माझ्याकडे बघून. ताईंनी घरी बसून हिशेब केला. रिम तीच ठेवायची आणि एकशे पंचाण्णवऐवजी दोनशे पाच रुंदीचा टायर घालायचा. “टायर सहा मिलिमीटर वर चढेल. मीटर साठ दाखवेल तेव्हा मी खरी एकसष्टने जात असेन. तेवढं मला लक्षात ठेवता येतं. प्रश्न जागेचा आहे.”

जागा मोजायला त्यांनी आमच्या घरून कणीक नेली. मागच्या चाकांच्या वर, पत्र्याच्या आतल्या बाजूला कणकेचे जाड गोळे चिकटवले आणि टायरला लागू नयेत म्हणून त्यांना कोरडं पीठ फासलं. मागच्या सीटवर माझी बायको सुलभा आणि सोसायटीतले सर्वांत वजनदार असे दोघे पटेलबंधू.

“कुमुदताई, पोळ्या करायच्या होत्या हो मला,” सुलभा म्हणाली.

“आज सरांना भात घाल.”

“बेन, आजे अमारुं वजन काम आव्युं,” थोरले पटेल म्हणाले. गाडी सोसायटीच्या बंपवरून तीनदा जोरात गेली, तेव्हा त्यांचं डोकं छताला आपटलं. ताईंनी दाबले गेलेले गोळे हलकेच सोडवले आणि पट्टी लावली. “अकरा मिलिमीटर जागा. सहा चालतील. बारा नाही चालणार.”

शहरातल्या मांडवीपलीकडच्या एका दुकानात त्यांनी फोन करून दोनशे पाच सांगून ठेवले होते. आम्ही पोचलो. जुने टायर काढायला सांगून त्या समोरच्या दुकानात चष्मा आणायला गेल्या. मी बाकावर वाचत बसलो. प्रकरण संपत आलं होतं. दुकानाचे शेठजी जवळ आले. “साहेब, बसो-पांच तो काले आवशे. बसो-पंदर पड्या छे. नाखी दउं? गाडी मस्त लागशे.”

दोनशे पाच उद्या येणार होते; आज घालायला होते ते दोनशे पंधरा, म्हणजे बारा मिलिमीटर. मला ते ठाऊक होतं. गोळ्यांवर पट्टी लावताना मी शेजारी उभा होतो. मी पानावरून नजर न उचलता म्हटलं, “हां, नाखी दो.”

ताई परत आल्या तेव्हा चारही टायर बसले होते. त्यांनी वाकून मागच्या चाकावर बोट घालून पाहिलं. “शेठ, कोने पूछ्युं?”

“साहेबने पूछ्युं ने, बेन.”

ताई माझ्याकडे वळल्या. आवाज वर्गातल्यासारखाच होता. “माझ्या गाडीचं तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही उत्तर दिलंत.”

शेठजी म्हणाले, बसवलेला माल परत होत नाही. ताई स्टूल ओढून दारातच बसल्या. “तमे काढो. हुं बेठी छुं.” मला म्हणाल्या, “सर, तुम्ही रिक्षाने जा. मला वेळ लागेल.” संध्याकाळी गाडी जुन्या टायरांवर परत आली. दुसऱ्या दिवशी एकट्या जाऊन त्यांनी दोनशे पाच बसवून घेतले.

भांडण झालं नाही. त्या पुस्तकं नेत, परत आणून देत, सुलभाशी गप्पा मारत. फक्त रविवारी पहाटे “येताय का सर?” असा फोन पुन्हा आला नाही. सहा वर्षं. माफी मागायची राहून गेली असं लिहिणार होतो. राहून गेली नाही. मी मागितली नाही.

बेसण्याला, म्हणजे इथल्या शोकसभेला, पुण्याहून त्यांचा भाचा आला होता. वर्तमानपत्रातल्या निवेदनात ताईंची ओळख भावाच्या नावाने दिली होती. खाली गाडी पाहून भाचा म्हणाला, “काका, आत्याच्या गाडीचं सगळं तुम्हीच बघायचात ना? टायर मोठे दिसतात.”

मी सांगायला लागलो. दोनशे पाच का, सहा मिलिमीटर का. चार माणसं ऐकायला जमली. मला बरं वाटत होतं, हे लिहितानाही लाज वाटते. “काका, तुम्हाला बरंच कळतं हो,” तो म्हणाला, आणि मी मध्येच थांबलो. यातलं काहीच माझं नाही, असं म्हटलं. मग कणीक सांगितली, दुकान सांगितलं, मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

भाच्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या हो काका. टायरच तर होते.”

मी त्याचा हात झटकला. त्या दिवशी मांडवीहून रिक्षाने घरी येताना मीही स्वतःला हेच सांगितलं होतं.