हजर

मंगळवार, चौदा तारीख. कोर्टात उपस्थित: आमच्या दिवाळखोर कारखान्याच्या फायली सांभाळणारी मी, जुने फोरमन कदममामा आणि विमा कंपनीचे वकील. अनुपस्थित: कारखान्याच्या वतीने बोलायला नेमलेले अवसायक, सलग चौथ्यांदा.

जळालेल्या गोदामाचा विमा मिळाला, तरच मामांची ग्रॅच्युइटी सुटणार आहे. शिपायाने कारखान्याच्या नावाचा पुकारा केला आणि मामा सवयीने उठून म्हणाले, "हजर."

"तुम्ही कंपनी आहात का?" न्यायाधीशांनी विचारले.

"एकतीस वर्षं तसंच वाटत होतं, साहेब."

कायदा कंपनीला माणूस मानतो. तिच्यात राबलेला माणूस मात्र त्याला दिसत नाही.

पुढची तारीख घेऊन बाहेर आलो. मामा म्हणाले, "ताई, तेव्हाही अवसायक आले नाहीत, तर मी बसूनच राहायचं का?"

मी फायलीत पुढच्या तारखेखाली आत्ताच लिहून ठेवले: उपस्थित, कदममामा.