एकशेवीसची पट्टी

माझे थोरले दीर थीम पार्कमध्ये मुलांची उंची मोजायचे. सगळ्यात मोठ्या रोलरकोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी, एकाच फाटकापाशी, एकोणीस वर्षं. मूल एकशेवीस सेंटिमीटरच्या वर असेल तर हातावर शिक्का, खाली असेल तर परत. बरोबरचे लोक त्यांना 'पट्टी' म्हणत. घरी मीही म्हणत असे, अर्थात त्यांच्या माघारी. इतका नाकासमोर चालणारा माणूस घरात असला की बाकीच्यांना उगीचच आपण वाकडे चालतोय असं वाटत राहतं, आणि त्याचा राग येतो. मला तर फारच यायचा.

त्यांनी लग्न केलं नाही. पार्कच्या मागे कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत एक खोली, एक शेगडी आणि इस्त्री केलेले चार निळे गणवेश, एवढाच संसार. आयांच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. अंबाडा उंच बांधायचा, पोराला चवड्यांवर उभं करायचं, बुटात काहीतरी कोंबायचं. म्हणून ते आधी मुलाचे केस तळव्याने चपटे करत आणि मग वाकून अंगठ्याने बुटाची टाच दाबून बघत. शंका आली की बूट काढायला लावत. रडणाऱ्या मुलापुढे मात्र उकिडवे बसत आणि आपली मूठ दाखवत. "तू बसलास की दांडी आणि तुझ्या मांड्या यांच्यात एवढी फट राहते. तेवढ्यातून माणूस निसटतो. पुढच्या वर्षी ये, मी इथेच आहे."

कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा घरच्यांसाठी पार्कच्याच रिसॉर्टमधली खोली मिळायची, दोन रात्रींसाठी. अठरा वर्षं त्यांनी ती मागितलीच नाही. त्या वर्षी मागितली, कारण निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि आमची मुलगी आठ वर्षांची झाली होती. त्यांचा तिच्यावर फार जीव. आणि तिने आख्ख्या वर्गात सांगून ठेवलेलं, रोलरकोस्टर माझ्या काकांच्या हातात आहे, मी पहिल्या डब्यात बसणार.

पहिल्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. भाऊजी म्हणाले, "एकशेअठरा. गेल्या महिन्यात मीच मोजलंय. यंदा नाही, बाळा."

ती चमचा ठेवून रडायला लागली. तिचा धाकटा भाऊ हसला. माझा नवरा ताटात बघत बसला, थोरल्या भावापुढे तो कायमच शेपूट घालून असतो. मग मीच बोलले. माझ्या जिभेला हाड नाही.

"स्वतःचं मूल असतं ना भाऊजी, तर कळलं असतं, नाही म्हणताना काय होतं ते."

त्यांनी मुलीच्या पेल्यात पाणी ओतलं, सकाळची पाळी आहे म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीतल्या फोमच्या सपाता कात्रीने कापल्या. दोन-दोन थर मुलीच्या बुटात, टाचेखाली. ती म्हणाली, "आई, काकांना कळेल." मी म्हटलं, "कळू दे. काका आपलेच आहेत." नवऱ्याने बघितलं आणि दात घासायला निघून गेला.

रांगेत आमच्या पुढे एक गृहस्थ मुलाला घेऊन होते. तो बोटभर कमी भरला. भाऊजींनी त्याला मूठ दाखवली, समजावलं, बाजूला केलं. मग आमची मुलगी पट्टीखाली उभी राहिली. त्यांनी केस दाबले, वाकून अंगठा टाचेवर ठेवला. अंगठा आत रुतला. मी बघत होते. त्यांनी वाकलेल्या अवस्थेतच मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. कालचं बोलणं आमच्या दोघांच्या मध्ये तसंच उभं होतं. ते सरळ झाले आणि त्यांनी तिच्या हातावर शिक्का मारला.

"थँक्यू काका," ती ओरडली.

तिला काही झालं नाही, हे आधीच सांगते. पहिल्या डब्यात बसली, किंचाळली, लाल होऊन परत आली. पण ते 'काका' त्या गृहस्थांनी ऐकलं होतं. आपला तो बाब्या म्हणत ते तडक कार्यालयात गेले. आम्हाला बोलावणं यायच्या आत मी मुलीला बाथरूममध्ये नेलं आणि फोमचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. तेव्हा डोकं चाललं नाही म्हणायची सोय नाही. चांगलंच चाललं होतं.

कार्यालयात व्यवस्थापक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, शांत. मुलीला अनवाणी उभं करून मोजलं. एकशेअठरा. मग त्यांनी सरळ सांगितलं. बुटात काही भरलेलं असेल तर ती पाहुण्यांची फसवणूक, पाहुण्यांना आत्ता पार्कबाहेर जावं लागेल आणि यांना लेखी ताकीद मिळेल. भरलेलं नसेल तर यांनी नात्यातलं मूल जाणूनबुजून सोडलं, मग नोकरी राहणार नाही.

"टाच तपासलीत?" बाईंनी विचारलं.

"तपासली," भाऊजी म्हणाले.

"काही लागलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सकाळच्यासारखंच. "पोरीच्या आईलाच विचारा."

नवऱ्याने घड्याळात बघितलं. मुलीने माझा हात धरलेला होता, घामाने ओला. मला दिसत होतं की पोरांसकट आम्हाला फाटकापर्यंत पोचवतील, सगळे बघतील. एवढंच दिसत होतं.

"बुटात काही नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतं तर नव्हतं," भाऊजी म्हणाले. "ती कशाला खोटं बोलेल."

त्यांनी छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पिन शर्टात अडकली होती, ती सोडवायला त्यांना वेळ लागला. कोणी मदत केली नाही. मुलगी माझा हात सोडून त्यांच्याकडे जायला निघाली, तर मी तिला मागे ओढलं.

व्यवस्थापक बाई सभ्य होत्या. खोली उद्या दुपारपर्यंत तुमचीच आहे म्हणाल्या. मला वाटलं होतं, निदान नवरा म्हणेल की आता इथे एक क्षणही नको. तो म्हणाला, "मुलांचा हिरमोड कशाला?" आणि मी त्याला काही म्हटलं नाही, कारण मलाही राहायचं होतं. राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भाऊजींचा फोन आला. मागे सामान ओढल्याचा आवाज येत होता, वसाहतीतली खोली रिकामी करत असावेत. मी काय बोलावं ते जुळवत होते, तर तेच म्हणाले, "पोरांनी नाश्ता केला का? पाण्याच्या घसरगुंडीवर नऊच्या आत जा. नंतर फार गर्दी होते."

आम्ही साडेआठला गेलो. रांग नव्हती. धाकट्याने अकरा वेळा घसरून घेतलं.