हिरवा की तपकिरी

माझ्या नवऱ्याला हिरवा आणि तपकिरी यांतला फरक दिसत नव्हता. आणि त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तो दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लढाऊ विमानांच्या रंगांचा.

लग्न ठरलं तेव्हा एवढंच कळलं होतं, की मुलगा लोह्याचा आहे आणि लातूरला कॉलेजात भूगोल शिकवतो. पहिल्याच उन्हाळ्यात ते बाजारातून पिशवीभर हिरवेकच्च टोमॅटो घेऊन आले. मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. हवाई दलात जायचं होतं, शरीरानं सगळं ठीक होतं, पण तपासणीत रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचता आला नाही, असं त्यांनी त्या दिवशी सांगितलं.

मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. जुन्या फोटोंच्या प्रिंटा, भिंग, रंगाच्या बाटल्या आणि हाताएवढी प्लास्टिकची विमानं.

"जपानचीच का पण?" मी एकदा विचारलं.

"अगं, दुसऱ्यांचं सगळं लिहून ठेवलेलं हाय. ह्यांचे लई कागद युद्ध संपताना जाळले. उरले ते फोटो, तेबी काळे-पांढरे." मग भिंग पुसत म्हणाले, "त्या फोटोपुढं मी आन् चांगल्या नजरेचा माणूस, दोघं सारखेच."

कुठून एखादा रंगीत नमुना आला, की मात्र मला हाक यायची. सकाळच्या उन्हात खिडकीशी उभं राहून मी सांगायची. हा मुगाच्या कोवळ्या शेंगेसारखा. हा करडईच्या फुलाचा. हा मळ्यातल्या ओल्या मातीचा. मी निलंग्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, मला रंगांची दुसरी नावं येत नव्हती. ते ऐकून घ्यायचे आणि जगभरातल्या हौशी लोकांना इंग्रजीत काय कळवायचे कोण जाणे. हळूहळू मलाही कळायला लागलं. पंखाच्या पुढच्या कडेचा पिवळा पट्टा आपल्याच लोकांनी गोळ्या घालू नयेत म्हणून. शेपटीवरची खूण तुकडीची. पंखावरचा लाल गोळा देशाचा.

एका फोटोवर ते वर्षानुवर्षं अडून बसले होते. कोऱ्या पत्र्याचं विमान, वर फवाऱ्यानं घाईघाईत मारलेले डाग, आणि पंखाला टेकून उभा मानेनं बारीक असा एक वैमानिक. आमच्या मुलीहून लहानच असेल. डाग हिरवे, असं बाकीचे म्हणत. हे म्हणत तपकिरी. त्यांनी त्यावर लांबलचक लेख लिहिला, वाद घातले, आणि मॉडेल तपकिरी रंगवून कपाटात ठेवलं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. लातूरला डायलिसिसची पाळी मिळेना, म्हणून आम्ही एसटीनं नांदेडला जायला लागलो. पुढं तिथंच दवाखान्यात ठेवावं लागलं. बोलणं कमी झालं, तोंडाची चव गेली. भिंग उशाशी होतं, पण उचलत नव्हते.

एका सकाळी त्यांच्या मोबाईलवर जपानमधल्या एका ओळखीच्या अभ्यासकानं फोटो पाठवले. भातशेतात सापडलेला पत्र्याचा तुकडा, त्यावरच्या आकड्यावरून त्या फोटोतल्याच विमानाचा. दुमडलेला होता. घडीच्या आत ऊन-पाणी पोचलं नव्हतं, तिथला रंग शाबूत होता.

त्यांनी मोबाईल डोळ्याजवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडे दिला.

"बघ."

मी बघितलं. एका नजरेत कळलं, आणि मी मोबाईल उशाशी ठेवायला गेले.

"सांग की. मला काय बरं वाटावं म्हणून बोलू नको. आजवर बोलली न्हाईस."

"हिरवा आहे," मी म्हटलं.

"कसा?"

"मूग वाळायला लागायच्या आधीचा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोराला उगंच इतकी वर्षं मातीच्या रंगात फिरवत राहिलो मी." आणि मग, "लिही त्यांना. माझं चुकलं म्हणावं."

मला तेवढं इंग्रजी कुठलं यायला? ते एकेक अक्षर सांगत गेले, मी टाईप करत गेले. पाठवून झाल्यावर त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यांच्या हातावर सुयांचे निळे-काळे वण होते. त्या वणांचा रंग त्यांनी मला कधी विचारला नाही.

त्याच आठवड्यात ते गेले. लोह्याला नेलं.

दिवस झाल्यावर मुलगी पुण्याला परतली. घर मोकळं झालं तेव्हा मी कपाटातलं ते विमान काढलं. कधी ब्रश हातात धरला नव्हता. बऱ्याच बाटल्या वाळून गेल्या होत्या, एकीतला हिरवा ओला निघाला. त्यात जरा पिवळा मिसळला. खिडकीशी बसून एकेक तपकिरी डाग झाकत गेले. रंग जाड बसला, कडेनं ओघळला, पंखावरच्या लाल गोळ्यालाही लागला. पुसायला गेले तर आणखी पसरला.

जमलंय का, हे विचारायला मी मान वर केली. टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी होती. ते असते, तरी त्यांना हिरवा दिसला नसता. मी म्हटलं असतं म्हणून त्यांनी मानलं असतं, एवढंच.

विमान वाळेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.